बातमी कोणाच्या पैशावर?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर वर्तमानपत्र चालवलं. त्यांचे अग्रलेख सगळ्यांनी वाचले. कागदाचं बिल कुठून भागवायचं, मोठा जाहिरातदार रुसला तर पहिल्या तारखेला पगार कशातून करायचे, ही त्यांची दुसरी चिंता मात्र फार थोड्यांना माहीत होती. आजच्या व्याख्यानासाठी मी चिनी समाजांतल्या प्रसारमाध्यमांचा विषय निवडला तो या दुसऱ्या चिंतेमुळे. चिनी समाज म्हणताना मी चार ठिकाणं धरतो आहे: मुख्यभूमी चीन, हाँगकाँग, तैवान आणि बहुसंख्य लोक चिनी वंशाचे असलेलं सिंगापूर. चारही ठिकाणची राज्यव्यवस्था वेगळी आहे. पण वर्तमानपत्राच्या जमाखर्चात हात घालून बातमीला वळण लावण्याची विद्या चारही ठिकाणच्या सत्तेने कधी ना कधी आत्मसात केली.

१९९०नंतर आपल्या मनात एक समज पक्का बसला. सरकार माध्यमांचा गळा धरतं आणि बाजार तो सोडवतो, असा. खाजगी वाहिन्या आल्या की सरकारी मक्तेदारी जाईल, ती गेली की सत्य आपोआप बाहेर येईल, असं आपण मानलं. चीनबद्दल तर जगभर हेच बोललं जात होतं. चीनमधला गेल्या चार दशकांचा अनुभव निराळं सांगतो. तिथल्या सत्तेने बाजाराला वैरी मानणं फार लवकर सोडून दिलं. परवाना, जाहिरात, नफा, बोनस, भाडेकरार ही सगळी तिची हत्यारं झाली. आणि तरीही, याच बाजारामुळे काही वर्षं तिथल्या बातमीदारांना एक फट सापडली, त्या फटीतून त्यांनी असामान्य काम केलं, हेही तितकंच खरं. मला बोलायचं आहे ते त्या फटीबद्दल. ती कशी पडली, कोणी बुजवली.

सुरुवात आपल्या घरातही पोहोचलेल्या एका गोष्टीपासून करतो. १९९१ साली ली का-शिंग यांच्या हचिसन व्हॅम्पोआ कंपनीने हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू केला. एशियासॅट-१ या उपग्रहावरून तो निम्म्या आशियात दिसू लागला. आपल्याकडे गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले ते याच काळात. १९९३च्या उन्हाळ्यात रूपर्ट मर्डॉक यांनी या कंपनीतला मोठा हिस्सा विकत घेतला, आणि सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला लंडनच्या एका भाषणात त्यांनी सांगितलं, की दूरसंचाराचं नवं तंत्रज्ञान जगातल्या सर्व हुकूमशाही राजवटींना धोका ठरलं आहे. बीजिंगने हे भाषण मन लावून ऐकलं. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान ली पेंग यांच्या सहीने हुकूम निघाला आणि सामान्य नागरिकाला घरावर डिश लावायची बंदी झाली. मर्डॉक यांना चीनचा बाजार हवा होता. एप्रिल १९९४मध्ये स्टारने बीबीसीची बातम्यांची वाहिनी उपग्रहाच्या उत्तरेकडच्या झोतातून काढून टाकली. चिनी सरकार नाराज होऊ नये हाही त्यामागचा हेतू होता, हे पुढे त्यांनी स्वतः कबूल केलं. दक्षिणेकडच्या झोतात, म्हणजे आपल्याकडे, बीबीसी चालूच राहिली. एकाच उपग्रहावरची एकच वाहिनी पुण्या-नाशिकच्या घरांत दिसत होती आणि बीजिंग-शांघायमधून गायब झाली होती. १९९८ साली मर्डॉक यांच्याच मालकीच्या हार्परकॉलिन्सने हाँगकाँगचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांचं पुस्तक छापायला नकार दिला, तोही याच हिशेबात. एवढं करूनही चीनमध्ये त्यांचा जम बसला नाही, आणि २०१०मध्ये तिथल्या वाहिन्यांवरचा ताबा त्यांनी विकून टाकला. खाजगी भांडवल सत्तेला हादरवेल अशी अपेक्षा असताना घडलं ते हे.

पण हा खेळ मर्डॉकपासून सुरू झाला नाही. तो तैवानमध्ये त्याआधी चाळीस वर्षं चालू होता. मे १९४९ ते जुलै १९८७ तिथे लष्करी कायदा होता. वर्तमानपत्रांचे परवाने ३१वर गोठवलेले, नवा परवाना कोणाला मिळायचा नाही. पानांची संख्या ठरलेली, शेवटी शेवटी ती बारा झाली. अंक नोंदणी असेल त्याच गावी छापायचा. कारण काय, तर युद्धकाळात कागद वाचवायचा! आता याचा जमाखर्च बघा. स्पर्धक येणारच नाही याची सरकारी हमी. पानं कमी, त्यामुळे जाहिरातीच्या जागेला सोन्याचा भाव. ‘युनायटेड डेली न्यूज’ आणि ‘चायना टाइम्स’ ही दोन खाजगी पत्रं या बंदीत वाढली, गब्बर झाली, आणि दोन्हींचे मालक सत्ताधारी कुओमिन्तांग पक्षाच्या मध्यवर्ती स्थायी समितीवर बसले. टीव्हीच्या तीन वाहिन्या होत्या. एक प्रांतिक सरकारच्या हातात, दुसरी पक्षाच्या, तिसरी लष्कराच्या. तिन्ही जाहिरातींवर चालायच्या आणि तिन्हींना भरपूर नफा व्हायचा. सरकारी नियंत्रण आणि बाजार इथे सुखाने एकत्र नांदत होते.

पानांवरची ही मर्यादा ऐकून काही ज्येष्ठ श्रोत्यांना आपला एक खटला आठवला असेल. आपल्याही सरकारने १९५६मध्ये वर्तमानपत्राची किंमत आणि पानं यांची सांगड घालणारा कायदा केला आणि १९६०मध्ये त्याखाली आदेश काढला. मोठ्या पत्रांपासून लहान पत्रांचं रक्षण, हे त्याचं कारण सांगितलं गेलं. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. सप्टेंबर १९६१मध्ये न्यायालयाने कायदा रद्द केला. किती पानं द्यायची आणि किती लोकांपर्यंत पोहोचायचं हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असं न्यायालयाने मानलं. मराठी पत्रकारितेने देशाला दिलेली ही मोठी देणगी आहे आणि तिची उजळणी आपण फार कमी वेळा करतो. तैवानच्या संपादकाला दाद मागायला असं न्यायालय नव्हतं. पानांवरची बंदी उठायला तिथे १ जानेवारी १९८८ उजाडावा लागला.

तोवर तिथे खरं काय ते छापत होती विरोधकांची साप्ताहिकं. त्यांना जाहिराती मिळत नसत. अंक जप्त झाला की दुसऱ्या नावाच्या परवान्यावर पुन्हा तेच साप्ताहिक निघायचं. चेंग नान-रोंग या संपादकाने मित्रांच्या नावावर असे परवाने आधीच काढून ठेवले होते. वाचक रस्त्यावरच्या स्टॉलवर लपूनछपून पैसे मोजून अंक घ्यायचा, आणि त्या पैशावर पुढचा अंक निघायचा. तैवानच्या स्वतंत्र राज्यघटनेचा मसुदा छापल्याबद्दल चेंग यांच्यावर राजद्रोहाचा आरोप आला. अटक करून घ्यायला त्यांनी नकार दिला, कार्यालयातच ठाण मांडलं, आणि ७ एप्रिल १९८९ला पोलीस दारात आले तेव्हा स्वतःला पेटवून घेतलं. आज तैवानमध्ये हा दिवस अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिन म्हणून पाळतात.

आता मुख्यभूमीकडे येतो. इथे जरा थांबावं लागेल.

माओंच्या काळात वर्तमानपत्राला जमाखर्च नव्हताच. कागद सरकारचा, पगार सरकारचा, वर्गणी सरकारी कचेऱ्यांची. १९७८च्या अखेरीस ‘पीपल्स डेली’सह बीजिंगच्या आठ वर्तमानपत्रांनी अर्थखात्याकडे मागणी केली, की आम्हाला सरकारी संस्था म्हणूनच राहू द्या, पण कारभार उद्योगासारखा करू द्या. परवानगी मिळाली. चार जानेवारी १९७९ला ‘तियानजिन डेली’त टूथपेस्टची जाहिरात आली. २८ जानेवारीला, चिनी नववर्षाच्या दिवशी, शांघाय टीव्हीवर एका औषधी मद्याची जाहिरात दिसली, मुख्यभूमीच्या टीव्हीवरची पहिली. सरकारच्या तिजोरीवरचा भार कमी झाला, एवढाच त्या वेळी याचा अर्थ होता. मालकी तसूभरही बदलली नाही. संपादकाची नेमणूक पक्षच करणार, बातमीच्या सूचना प्रचारखात्याकडूनच येणार, फक्त पैसे तुमचे तुम्ही कमवा. झाओ युएझी या अभ्यासिकेने १९९८च्या आपल्या ग्रंथात या अवस्थेचं फार चांगलं वर्णन केलं आहे: एका बाजूला पक्षाची रेषा, दुसऱ्या बाजूला ताळेबंदाची शेवटची ओळ, आणि मधे चिनी पत्रकार.

या व्यवस्थेचं सर्वांत झगझगीत दृश्य म्हणजे चीनच्या राष्ट्रीय वाहिनीचा, सीसीटीव्हीचा, जाहिरातींचा लिलाव. संध्याकाळी सातच्या बातम्या देशातल्या बहुतेक सगळ्या वाहिन्यांना दाखवाव्याच लागतात. या बातम्यांनंतरचे काही सेकंद १९९४पासून दरवर्षी लिलावात निघू लागले. शांडोंगमधल्या छिनची नावाच्या मद्यकंपनीने १९९६ सालासाठी ६ कोटी ६६ लाख युआनची बोली लावली आणि पुढच्या वर्षासाठी ३२ कोटींची. पक्षाची रोजची नेमस्त वार्तापत्रं सक्तीने दाखवली जातात, म्हणून त्यांच्या शेपटाला एवढा भाव आला. प्रचार जितका अनिवार्य, तितकी जाहिरात महाग. याच छिनचीची पुढची गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते. १९९७च्या आरंभी ‘इकॉनॉमिक रेफरन्स न्यूज’च्या बातमीदारांनी शोधून काढलं, की ही कंपनी सिच्वानहून कच्चं मद्य आणून त्यात भर घालून आपल्या नावाने विकते. बातमी छापून आली आणि कंपनी गडगडली. हे वर्तमानपत्र सरकारी शिन्हुआ वृत्तसंस्थेचंच! म्हणजे सरकारी छत्राखालीही बातमीदार होते, आणि संधी मिळाली की ते बातमीदारासारखं काम करत होते.

ही संधी सर्वांत जास्त मिळाली ग्वांगझूमध्ये. ग्वांगदोंग प्रांताचं ‘नानफांग डेली’ हे पक्षाचं मुखपत्र. त्याचं ‘सदर्न वीकली’ हे साप्ताहिक १९८४पासून निघत होतं. १९९७मध्ये त्याच समूहाने ‘सदर्न मेट्रोपोलिस डेली’ हे दैनिक सुरू केलं. पक्षाचं मुखपत्र कचेऱ्यांत जायचं, वाचलं न जाता रद्दीत जायचं. शहरी दैनिक रस्त्यावर विकलं जायचं, चहाच्या टपरीवर वाचलं जायचं, आणि घरबांधणीच्या जाहिरातींनी फुगलेलं असायचं. घरखर्च या धाकट्याच्या कमाईवर चाले, म्हणून थोरल्यांना त्याचं थोडं ऐकावंही लागे. मी ज्या फटीबद्दल बोललो ती इथे पडली.

२००३चा मार्च. सन झिगांग हा २७ वर्षांचा तरुण हुबेईहून ग्वांगझूला नोकरीसाठी आला होता. कपड्यांच्या कंपनीत ग्राफिक डिझायनर. १७ मार्चच्या रात्री इंटरनेट कॅफेकडे जायला निघाला आणि पोलिसांनी हटकलं. शहरात राहण्याचा तात्पुरता परवाना त्याच्याजवळ नव्हता. खेड्यातून शहरात येणाऱ्यांना अशा कारणाने डांबून ठेवून गावी परत पाठवण्याची पद्धत तेव्हा होती, त्यासाठी १९८२ सालचे नियम होते. पोलीस ठाण्यातून त्याला डांबून ठेवलेल्यांसाठीच्या दवाखान्यात नेलं. २० मार्चला तो तिथे मेला. कारण कागदावर आलं, हृदयविकार आणि मेंदूतला रक्तस्राव. घरच्यांनी शवविच्छेदन करून घेतलं, तेव्हा बेदम मारहाणीने मृत्यू झाल्याचं उघड झालं. घरचे कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. ‘सदर्न मेट्रोपोलिस डेली’च्या दोन बातमीदारांनी हे प्रकरण हाती घेतलं. प्रत्येक कचेरीत जाऊन त्यांनी एकच साधा प्रश्न विचारला: या मुलाला डांबायला हवं होतं का? नियमात तो बसत होता का? शिकलेला, नोकरी असलेला, राहायला जागा असलेला. उत्तर ‘नाही’ येत गेलं, आणि बातमीत ती उत्तरं ओळीने मांडली गेली. संपादक चेंग यिझोंग यांनी २५ एप्रिलला ती छापली. वरून मनाईचा फोन यायच्या आत.

पुढचं सगळं दोन महिन्यांत झालं. तीन तरुण कायदेपंडितांनी राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेला पत्र लिहून हे नियमच घटनाबाह्य आहेत असं सांगितलं. जूनमध्ये मारहाण करणाऱ्यांना शिक्षा झाल्या. २० जूनला पंतप्रधान वन जियाबाओ यांनी ती वीस वर्षांची पद्धत रद्द केल्याचा हुकूम काढला. चीनमध्ये, निवडणुकीशिवाय, न्यायालयाशिवाय, एका वर्तमानपत्राच्या एका बातमीने लाखो स्थलांतरित मजुरांच्या मानेवरचा हात दूर झाला. चिनी पत्रकारितेचा इतिहास लिहिताना या पानाला पहिला मान द्यावा लागेल, असं मला मनापासून वाटतं.

आणि सूड? तो जमाखर्चाच्या वहीतून उगवला. २००४मध्ये त्या दैनिकाचे महाव्यवस्थापक यू हुआफेंग यांना बारा वर्षांची शिक्षा झाली, ती अपिलात आठ वर्षांवर आली. समूहातल्या दुसऱ्या एका वरिष्ठाला अकरा वर्षं, तीही कमी होऊन सहा. चेंग यांना महिनोन्महिने कोठडीत ठेवून आरोपाविना सोडलं. आरोप बातमीचा नव्हता. नफ्यातून वाटलेल्या बोनसचा होता! जाहिरातीचे पैसे कमवा म्हणून सरकारनेच सांगितलं, कमावले, ते वाटले, तर ती अफरातफर. मालकी सरकारची आणि नफा ‘तुमचा’, या संदिग्ध जागेत हवा तेव्हा गुन्हा सापडतो. हे वाचल्यावर माझा बाजारावरचा भाबडा विश्वास गेला.

दुसरा धडा २००८चा आहे आणि तो जास्त कडू आहे. सान्लू ही चीनमधली नावाजलेली दूधपावडर कंपनी. तिच्या पावडरीत मेलामाइन हे रसायन होतं. तान्ह्या मुलांच्या मूत्रपिंडात खडे होऊ लागले. सरकारी आकड्यांप्रमाणे सहा बाळं दगावली, आजारी पडली जवळपास तीन लाख. ‘सदर्न वीकली’कडे याची कुणकुण जुलैतच आली होती, पण ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिक होतं, अशा बातम्या नकोत असा आदेश होता, हे त्या पत्राच्या एका संपादकाने नंतर लिहिलं. दोन ऑगस्टला सान्लूने शिजियाझुआंग शहराच्या सरकारला विनंती केली, की माध्यमांवरचं नियंत्रण वाढवा म्हणजे माल परत मागवणं सोपं जाईल. हे पुढे ‘पीपल्स डेली’तच छापून आलं. बाजारातली कंपनी स्वतःहून सत्तेच्या दारात गेली आणि म्हणाली, यांचं तोंड बंद करा. सप्टेंबरमध्ये बातम्या यायला लागल्या त्या ‘एका कंपनीची पावडर’ अशा. ११ सप्टेंबरला शांघायच्या ‘ओरिएंटल मॉर्निंग पोस्ट’मधल्या जियान ग्वांगझोऊ या बातमीदाराने कंपनीचं नाव छापलं. नाव छापणं, एवढंच. त्या एवढ्याला तेव्हा किती धैर्य लागलं असेल याची कल्पना जाहिरातदाराचा फोन घेतलेल्या कोणाही उपसंपादकाला येईल. चार वर्षांनी या बातमीदाराने पत्रकारिताच सोडली.

बाजार बातमीदारालाही नासवतो, हेही सांगायला हवं. पत्रकार परिषदेत लाल पाकिटातून ‘प्रवासखर्च’ देण्याची चाल चीनमध्ये सर्रास आहे, आणि निवडणुकीतल्या पेड न्यूजचा अनुभव घेतलेल्या मराठी वाचकाला त्यात काही नवल वाटू नये. २०१३मध्ये ग्वांगझूच्या ‘न्यू एक्स्प्रेस’च्या बातमीदाराला एका यंत्रकंपनीबद्दल लिहिल्यावरून चांगशाच्या पोलिसांनी उचललं. वर्तमानपत्राने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत विनंती छापली, आमच्या माणसाला सोडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. देशभर खळबळ झाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो बातमीदार डोक्याचे केस भादरलेल्या, हातात बेड्या अशा अवस्थेत सीसीटीव्हीवर आला आणि पैसे घेऊन दुसऱ्यांनी लिहिलेलं आपल्या नावाने छापल्याचं त्याने कबूल केलं. वर्तमानपत्राने माफी मागितली. न्यायालयात उभं राहण्याआधी टीव्हीवर कबुलीजबाब घेणं हा अन्यायच आहे, आणि लाच खाणं हाही. पण त्या आठवड्यात फायदा एकाच पक्षाचा झाला. ‘पत्रकार बाजारू आहेत, त्यांना लगाम हवा’ हे म्हणायला सरकारला पुरावा मिळाला.

त्यानंतर फट बुजत गेली. जाहिराती मोबाइलकडे वळल्या, शहरी दैनिकांचं उत्पन्न आटलं, आणि धाकट्याचं ऐकायचं कारण उरलं नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये शी जिनपिंग यांनी ‘पीपल्स डेली’, शिन्हुआ आणि सीसीटीव्हीला एकाच दिवशी भेट दिली आणि पक्षाच्या माध्यमांनी पक्षाचंच आडनाव लावलं पाहिजे असं बजावलं. मोबाइलवरचं जग खाजगी कंपन्यांचं, पण २०१८मध्ये बाइटडान्स या कंपनीचं विनोदी ॲप बंद करण्यात आलं तेव्हा संस्थापक झांग यिमिंग यांनी जाहीर माफी मागून मजकूर तपासणारी माणसं सहा हजारांवरून दहा हजारांवर नेण्याचं वचन दिलं. त्यांचा पगार कंपनी देते. १९७९मध्ये सरकारने वर्तमानपत्राचा खर्च बाजारावर टाकला होता, चाळीस वर्षांनी सेन्सॉरचाही टाकला. २०२१मध्ये कंपनीच्या मुख्य चिनी शाखेचा एक टक्का हिस्सा सरकारी संस्थेने घेतला. संचालक मंडळावर बसायला तेवढा पुरतो.

सिंगापूरने हे सगळं फार आधी, कायद्याच्या नेटक्या भाषेत केलं होतं. १९७४च्या कायद्याने वर्तमानपत्र कंपन्यांत विशेष ‘व्यवस्थापन समभाग’ निर्माण केले. नेमणुकांच्या मतदानात अशा एका समभागाला दोनशे मतं, आणि ते कोणाकडे असावेत हे सरकारच्या संमतीने ठरणार. १९८६मध्ये परदेशी नियतकालिकांची पाळी आली. ‘टाइम’वर बंदी घातली नाही, खप १८ हजारांवरून आधी नऊ आणि मग दोन हजारांवर आणला. इतका खप कमी झाला की जाहिरातदार जातो. पुढे तर अशा नियतकालिकांच्या छायाप्रती काढून वाटायलाही कायद्याने मुभा दिली, मात्र जाहिराती वगळून! मजकूर वाचा, पैसा मिळू देणार नाही. यापेक्षा स्पष्टपणे सत्तेने आपला रोख कधी सांगितला नसेल.

मग वाचकच पुरेसा पैसा देईल तर? हाँगकाँगने हा प्रयोग करून पाहिला. तिथे ‘मिंग पाओ’ १९५९मध्ये उभं राहिलं ते जिन योंग यांच्या तलवारबाजांच्या कादंबऱ्यांवर. लोक कादंबरीचा आजचा भाग वाचायला अंक घेत, आणि त्या खपावर संपादक म्हणून तेच जिन योंग चीनविषयी निर्भीड अग्रलेख लिहीत. जिमी लाय यांचं ‘ॲपल डेली’ जून १९९५मध्ये आलं ते किमतीचं युद्ध घेऊनच. ते सभ्य वर्तमानपत्र नव्हतं. रक्त, भानगडी, नट्यांचे चोरून काढलेले फोटो. १९९८मध्ये पत्नी-मुलांच्या मृत्यूनंतर बातमीत आलेल्या एका माणसाला त्यांनी पैसे दिले, त्याच्या बदफैलीपणाचा फोटो छापला, आणि मग पहिल्या पानावर माफी मागावी लागली. त्याची घाण वाटते, वाटायलाच हवी. पण बीजिंगविरुद्ध छापायला कचरत नाही असं ते शहरातलं मोठं दैनिक होतं, आणि त्याला वाचक होता. मोठे बिल्डर आणि बँका जाहिराती देईनाशा झाल्या. वाचकांनी वर्गणी भरून तोट्यातल्या पत्राला हात दिला. ऑगस्ट २०२०मध्ये पोलिसांनी कार्यालयात शिरून लाय यांना अटक केली, तर दुसऱ्या दिवशी साडेपाच लाख अंक छापले गेले. जून २०२१मध्ये पाचशे पोलीस आले. या वेळी त्यांनी कंपन्यांची एक कोटी ऐंशी लाख हाँगकाँग डॉलरची खाती गोठवली. कंपनीकडे पैसे होते, पण पगार देता येईना. २४ जूनला शेवटचा अंक निघाला, दहा लाख प्रतींचा, पाऊण कोटी वस्तीच्या शहरात. लोक मध्यरात्री रांगा लावून उभे होते. बाजाराच्या कसोटीवर ते वर्तमानपत्र उत्तम पास झालं होतं. लाय यांना पुढच्या वर्षी फसवणुकीच्या गुन्ह्यात पावणेसहा वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा होता इमारतीच्या भाडेकराराच्या अटी मोडण्याचा. ग्वांगझूत बोनस, इथे भाडेकरार.

तैवान आज मोकळा आहे, पण तिथेही जमाखर्च पिच्छा सोडत नाही. तांदळाची कुरकुरीत बिस्किटं विकून श्रीमंत झालेल्या वाँट वाँट समूहाच्या त्साय एंग-मेंग यांनी २००८मध्ये ‘चायना टाइम्स’ घेतलं. त्यांचा धंदा मुख्यत्वे मुख्यभूमीत. केबलचं मोठं जाळंही घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं, पण २०१२मध्ये त्याविरुद्ध विद्यार्थी आणि पत्रकार रस्त्यावर उतरले आणि तो व्यवहार फिसकटला. दोन वर्षं आधी त्याच ‘चायना टाइम्स’मधल्या हुआंग चे-पिन यांनी सोळा वर्षांची नोकरी सोडली होती, कारण सरकारी खाती पैसे मोजून बातमीच्या रूपात जाहिरात छापून घेत होती आणि बातमीदाराला ती ‘बातमी’ लिहावी लागत होती. हे सरकार लोकांनी निवडून दिलेलं होतं, हे लक्षात घ्या. त्या राजीनाम्याने इतकं वादळ उठलं की महिन्याभरात, जानेवारी २०११मध्ये, संसदेने अर्थसंकल्प कायद्यात कलम घालून सरकारला अशा छुप्या जाहिरातींची मनाई केली. असं कलम आपल्याकडे असावं, असं मला वाटतं.

२०१५मध्ये तैपेईत ‘द रिपोर्टर’ हे वृत्तस्थळ सुरू झालं. जाहिरात नाही, ना-नफा संस्था. सुरुवातीचं भांडवल एका इलेक्ट्रॉनिक्स उद्योजकाने दिलं ते मालकी न घेण्याच्या, ढवळाढवळ न करण्याच्या आणि पैसे परत न मागण्याच्या शब्दावर. पुढचा भार वाचकांच्या देणग्यांवर. वर्षभरात त्यांनी इंडोनेशियाच्या ‘टेंपो’बरोबर तैवानी मासेमारी जहाजांवरच्या परदेशी खलाशांचे हाल उघड केले. एका खलाशाचा जहाजावर मृत्यू झाला होता आणि आजार म्हणून प्रकरण मिटवलं गेलं होतं, त्यावर पुन्हा चौकशी झाली. दूरच्या समुद्रातली मासेमारी हा तैवानचा बलाढ्य धंदा आहे. या बातमीआड यायला त्याची एकही जाहिरात तिथे नव्हती.

हाँगकाँगमध्येही असंच एक वृत्तस्थळ होतं, ‘स्टँड न्यूज’. तेही ना-नफा, तेही वाचकांच्या देणग्यांवर उभं. २९ डिसेंबर २०२१च्या पहाटे पोलीस आले आणि त्याच दिवशी ते बंद झालं. त्याच्या दोन संपादकांना २०२४मध्ये राजद्रोहासाठी दोषी ठरवलं गेलं. छाप्याच्या दिवशी पोलिसांनी त्याचे सहा कोटी दहा लाख हाँगकाँग डॉलरही गोठवले.